वाक्य ज्याचं त्यालाच पटू दे

सांगली

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

परिपाठात सहावी ते आठवीच्या मुलांकडून रोज तीनदा "मी हुशार आहे, मला सगळं जमतं" असं म्हणवून घेणार, असं फोनवर म्हणालीस. कल्पना चांगली आहे, पण या पद्धतीने करू नकोस. अफर्मेशनचा, म्हणजे स्वतःला धीर द्यायला म्हणायच्या वाक्याचा, उपयोग होतो, मात्र वाक्य म्हणणाऱ्याला ते खरं वाटलं पाहिजे. घटक चाचणीत २० पैकी ४ पडलेला मुलगा "मी हुशार आहे" म्हणाला की त्याच्या मनातून लगेच उत्तर येतं, "मग चारच कसे पडले?" आणि ते उत्तर दिवसभर पुरतं. कॅनडातल्या संशोधकांनी २००९ साली कॉलेजच्या मुलांवर हे तपासलं. स्वतःबद्दल आधीच चांगलं मत असलेल्यांना गोड वाक्य म्हणून थोडं बरं वाटलं आणि ज्यांचं मत खालावलेलं होतं त्यांना उलट जास्त वाईट वाटलं. ज्याच्यासाठी औषध काढलं, त्यालाच ते बाधलं.

फळ्यावरचा सुविचार साऱ्या वर्गाचा असतो, तो तसाच चालू दे. अफर्मेशन एकेका मुलाचं असतं आणि ते "मी असा आहे" यापेक्षा "मी असं करणार" या वळणाचं असावं. नेदरलँडमध्ये ९ ते १३ वर्षांच्या मुलांना गणिताच्या पेपरच्या मध्यावर थांबवून काहींना मनात "मी यात हुशार आहे" म्हणायला लावलं, काहींना "मी जास्तीत जास्त प्रयत्न करणार". आपल्याला गणित येत नाही असं मानणाऱ्या मुलांना दुसऱ्या वाक्याने फायदा झाला, पहिल्याने नाही.

तुझ्याच विषयातलं बघ. १/२ + १/३ चं उत्तर मुलगी २/५ लिहिते. वरचे आकडे मिळवले, खालचे मिळवले, झालं. तिला "मला गणित येतं" हे वाक्य देऊन काय होणार? आधी तिच्यासमोर अर्धी भाकरी ठेव आणि विचार, यात आणखी तिसरा हिस्सा घातला तर भाकरी वाढेल की कमी होईल? २/५ तर अर्ध्यापेक्षाही कमी आहे. हे तिला दिसलं, ३/६ + २/६ करून ५/६ आलं, की मग वाक्य तिच्याकडूनच काढून घे. ती म्हणेल, "आधी खाली बघणार, मग मिळवणार." व्याकरण सुधारू नकोस. पुढच्या पेपरात छेद वेगळे दिसले की तिच्या हाताला आठवेल ते हेच वाक्य, आणि गणित सुटलं की वाक्यावरचा विश्वास आपोआप बसेल. हा क्रम उलटा केला की सगळं बिघडतं. शिकवणं राहून गेलं तर नुसत्या वाक्याने काही हाती लागत नाही.

वाक्य सात-आठ शब्दांपलीकडे जाऊ देऊ नकोस. "मी घाबरणार नाही" नको, त्यात घाबरणंच आठवतं. त्याऐवजी वेळ आणि कृती जोडून दे: "वाचायला उभी राहिले की पहिली ओळ सावकाश." ज्याला खरंच येत नाही त्याच्यासाठी "अजून" हा शब्द फार मोलाचा: "मला अजून येत नाही, आज तीन करून बघणार." तीनच. दहा लिहिलेस तर दुसऱ्याच दिवशी वाक्य खोटं पडेल.

काही मुलांना "मी" म्हणायचीच लाज वाटते. त्यांना स्वतःला नावाने हाक मारून बोलू दे, "अमुक, आता श्वास घे आणि प्रश्न पुन्हा वाच." आपण दुसऱ्याला समजावताना जसे शांत असतो तसं मन होतं. तू तर सज्जनगडाच्या पायथ्याशी शिकवतेस. समर्थांनीही मनाला हाक मारूनच समजावलं आहे.

मोठ्याने म्हणवून घेऊ नकोस असं म्हणते त्याचं कारण त्यांचं वय. अकरा ते चौदा वर्षांत सगळ्यात मोठी भीती वर्गात हसं होण्याची असते. आवाज फुटलेला मुलगा चाळीस जणांसमोर "मी स्वतःवर प्रेम करतो" म्हणाला तर मधल्या सुट्टीत त्याची टर उडणारच. वाक्य कार्डावर लिहून कंपासपेटीच्या झाकणात आतून चिकटवू दे. पेपर हातात पडला की झाकण उघडायचं, तीन श्वास, एकदा मनात वाचायचं, बस. दोन-तीन आठवड्यांनी कार्ड बदल. तेच ते राहिलं की नजर त्यावरून नुसती सरकते.

याच्या जोडीला एक लेखन घे, माझा त्यावर जास्त भरवसा आहे. सत्राच्या सुरुवातीला, चाचणीच्या आधी, १५ मिनिटं. फळ्यावर लिही: घरची माणसं, मैत्री, खेळ, गाणं-चित्र, देवधर्म, शेती-जनावरं, खरं बोलणं, हसवणं. मुलांनी यातल्या दोन-तीन निवडायच्या आणि त्या आपल्याला का महत्त्वाच्या वाटतात ते लिहायचं. शुद्धलेखन तपासायचं नाही, लाल शाई नाही, वाचून दाखवायचं नाही. अमेरिकेत सातवीच्या वर्गांत असं लेखन घेतलं होतं, त्याचे निष्कर्ष २००६ साली छापून आले. "आपल्यासारख्यांना अभ्यास जमत नाही" या समजाचं ओझं असलेल्या कृष्णवर्णीय मुलांचे गुण सुधारले, इतरांत फारसा फरक पडला नाही. पुढे इतरत्र हाच प्रयोग झाला तेव्हा परिणाम कमी-जास्त निघाले, म्हणून चमत्काराची वाट बघू नकोस. "यामुळे तुमचा आत्मविश्वास वाढेल" असं मुलांना आधी सांगूही नकोस. तसं सांगितलं की ती तुला आवडेल ते लिहितात.

तुझं बोलणं कार्डाच्या विरुद्ध जायला नको. कार्डावर "प्रयत्न करणार" आणि वही परत देताना तुझ्या तोंडून "तुला कधी यायचं?" निघालं, तर मूल तुझं ऐकेल, कार्डाचं नाही. आणि एखादं मूल आठवडेच्या आठवडे गप्प असेल, डबा तसाच परत नेत असेल, तर कार्ड बाजूला ठेव. त्याच्याशी एकटीने बोल, घरच्यांना भेट, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्यांना दे. घरातच काही वावगं घडतंय असं वाटलं तर मुलांच्या मदतीचा नंबर १०९८.

पुढच्या रविवारी येशील तोवर जाड कागदाची चाळीस कार्डं कापून ठेवते. पोस्टकार्डाचा चौथा हिस्सा एवढं माप धरलं आहे. तुमच्या मुलांच्या कंपासपेट्या लहान असतील तर आधी फोन कर.

तुझी
आई