एप्रिलमध्ये या

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुमचा आवाज ऐकला की हे सांगवत नाही, म्हणून लिहितेय. रिचमंडमधलं घर आम्ही घेतलं. म्हणजे आता एवढ्यात साताऱ्याला परतणं नाही. ओवीची शाळा, ह्यांची नोकरी, शिवाय भाडं भरून हातात काहीच उरत नव्हतं. आणि जुन्या घरात आईला जिना चढावा लागायचा. इथे तुमची खोली खालीच आहे, बाथरूम लागून, धरायला दांडाही बसवून घेतलाय. पहाटे उठून चहा केलात तरी कुणाची झोपमोड होणार नाही.

खिडकीसमोर डॉगवूडचं झाड आहे. इथल्या व्हर्जिनिया राज्याचं राज्यफूल हेच आणि राज्यवृक्षही हाच. एप्रिलमध्ये पानं नीट फुटायच्या आधीच फांद्या पांढऱ्याशुभ्र होतात. चार पाकळ्या, प्रत्येकीच्या टोकाला नखाने खुडल्यासारखी तपकिरी खाच. पण बाबा, आपल्या बोगनवेलीसारखंच आहे हे. त्या पाकळ्या नाहीतच, बदललेली पानं आहेत. खरी फुलं मधल्या हिरवट-पिवळ्या झुबक्यात.

हे झाड मोठ्या झाडांच्या आडोशाला सुखी असतं. मुळं वरवर, म्हणून कडक उन्हाळ्यात पाणी लागतं. बुंध्याभोवती दोन-तीन इंच सालीचा भुगा घालते, तो खोडाला चिकटू देत नाही. गवत कापायचं यंत्र तर जवळही नेऊ देत नाही. साल खरचटली की खोडकिडा शिरतो. आणि बाबा, तुमची कात्री मे महिन्यापर्यंत पिशवीतच! कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरलेल्या असतात. मार्चमध्ये छाटलंत तर त्या वर्षीची फुलं गेलीच. आई, शरदात लाल फळं येतात, ती पाखरांची. तू चाखून बघशील, म्हणून आधीच सांगतेय.

सोनचाफा काढायला तुम्ही मला खांद्यावर घ्यायचात बाबा, आणि आई खालून ओरडायची, "पडेल ती!" अजून कुठलंही फुलझाड दिसलं की मी आधी वरच बघते.

तुम्हाला तिथलं घर सोडायला मी सांगत नाहीये. ते तुमचंच, तसंच राहील. फक्त फुलांपुरते या, कंटाळा आला तर लगेच परतीचं तिकीट काढू.

तोवर बाबांनी शिडीवर चढायचं नाही. पारिजातकाची फुलं खाली पडलेलीच वेचायची. आई बीपीची गोळी जेवणानंतर विसरते, तर सकाळच्या चहाबरोबर चालेल का ते डॉक्टरांना विचारा. येताना गोळ्या हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट. स्वेटर आणू नका, इथे आहेत. पासपोर्टची मुदत आजच बघा आणि मला फोटो पाठवा.

तुमची,
मनी