नवा नवरा, पुन्हा पहिलटकरीण

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

2025 च्या वैद्यकाच्या नोबेलवरचा लेख आपल्या पुरवणीत वाचला. साकागुची, ब्रन्को आणि रॅम्सडेल यांचं काम, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या टी पेशी, छान समजावून दिल्या आहेत. पण याच पेशी गरोदरपणात काय करतात, यावर एकही ओळ नाही. मी रत्नागिरी जिल्ह्यात एकोणतीस वर्षं नर्सबाई होते, म्हणून चुटपुट लागली.

बाळ निम्मं बापाचं, म्हणजे आईच्या शरीराला निम्मं परकंच. ते टिकतं त्यात या पेशींचा मोठा वाटा आहे. आणि त्यांची तयारी दिवस राहायच्या आधीच सुरू होते. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या संशोधक सारा रॉबर्टसन यांनी उंदरांत दाखवलं, की वीर्यातल्या शुक्राणूंभोवतीच्या द्रवामुळे मादीच्या शरीरात या पेशी वाढतात. त्या द्रवात टीजीएफ-बीटा नावाचं प्रथिन भरपूर असतं. संबंधानंतर बाईच्या गर्भाशयमुखाशीही प्रतिकारपेशी गोळा होतात. म्हणजे बापाची ओळख शरीराला आधीच होत असते. ही ओळख कच्ची राहिली तर वार नीट रुजत नाही आणि पुढे बीपी चढतं, असा तर्क आहे.

कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावर डॉक्टर रोबियार यांनी 1011 बायकांची पाहणी केली. ती 1994 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. गरोदरपणातलं बीपी पहिलटकरणींत 11.9 टक्के, त्याच जोडीदाराच्या पुढच्या खेपेला 4.7 आणि जोडीदार बदलला असेल तर 24 टक्के! दिवस राहण्याआधीचा सहवास जितका जास्त, तितका धोका कमी, हेही त्यात दिसलं.

आकडे वाचून मला एक बाई आठवली. दुसरं लग्न, दुसरी खेप. कार्डावर ‘दुसरी खेप’ लिहिलं आणि मी निर्धास्त झाले. आठव्या महिन्यात पाय सुजले, बीपी चढून जीपमध्येच झटके आले. ती वाचली, बाळ गेलं. अर्थात तिच्या दोन बाळंतपणांत नऊ वर्षांचं अंतर होतं, आणि नॉर्वेतल्या 2002 च्या मोठ्या अभ्यासात हे अंतर हिशेबात धरल्यावर नवऱ्याच्या बदलाचा दोष उरला नाही. वाद मिटलेला नाही. पण अंतर असो की नवा बाप, दोन्हीही विचारायला दोनच प्रश्न लागतात.

आमच्याकडे नवरा मुंबईला, गणपतीला आला की दिवस राहणार आणि ज्येष्ठात बाळंतपण. लग्नानंतर जेमतेम पंधरा दिवसांचा सहवास झालेल्या कितीतरी पहिलटकरणी मी तपासल्या. हेही कुणी विचारत नाही.

यावरून कुणी निरोध फेकून देऊ नये, आणि नवऱ्यांनी तर ‘शास्त्र सांगतं’ म्हणून बायकोवर जबरदस्ती मुळीच करू नये. हा काही उपचार नव्हे. फायदा एवढाच, की जोखीम वेळेत कळली तर डॉक्टर सोळाव्या आठवड्याआधी कमी डोसची ॲस्पिरिन सुरू करायची का ते ठरवू शकतात, आणि बीपी, लघवी दर खेपेला न चुकता तपासली जाते.

तेव्हा नाव नोंदवतानाच विचारावं: आधीच्या आणि या बाळाचा बाप एकच का, मधे किती वर्षं गेली, आणि दिवस राहण्याआधी नवरा-बायको किती दिवस एकत्र होतात? मात्र सासूला बाहेर बसवून.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका, गुहागर