अण्णांच्या मागे ऐकलेले गाणे

पंचवटी, नाशिक
श्रावणातला दुसरा रविवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मंगळवारी मिळाले. अण्णांच्या जाण्याविषयी तू जे लिहिले आहेस ते मी दोनदा वाचले, आणि त्यावर काही लिहिण्याऐवजी ते जपून ठेवावे असेच मला वाटले. पण शेवटच्या पानावरच्या तुझ्या प्रश्नाने मला आठवडाभर सोडलेले नाही. दशक्रियेच्या रात्री आपण माझ्या गच्चीवर बसलो होतो, मी तुला आर.ई.एम. या अमेरिकन बँडचे ‘एव्हरीबडी हर्ट्स’ ऐकवले, आणि दहा दिवस डोळ्यांतून पाण्याचा थेंबही न आलेला तू त्या गाण्यावर हमसून रडलास. त्याची तुला लाज वाटते, असे तू लिहितोस. जन्मभर अभंग म्हटले, कविता वाचल्या, आणि रडू आले ते शाळकरी मुलालाही समजेल अशा इंग्रजीवर, याचा अर्थ काय, असे तू विचारतोस. याचे उत्तर फोनवर दोन वाक्यांत देणे मला योग्य वाटले नाही, म्हणून हे पत्र.

पहिली गोष्ट अशी की ते गाणे शाळकरी मुलाला समजावे म्हणूनच तसे लिहिलेले आहे. हा माझा तर्क नाही. त्या बँडचा गिटारवादक पीटर बक याने स्वतः सांगितले आहे की त्यांच्या नेहमीच्या रीतीहून या गाण्याचे शब्द इतके सरळ आहेत याचे कारण ते किशोरवयीन मुलांना उद्देशून आहेत. आता हे लक्षात घे की मायकेल स्टाइप हा त्यांचा गायक त्या काळी अवघड आणि गूढ शब्दांसाठीच ओळखला जात होता. १९८३ साली आलेल्या त्यांच्या पहिल्या अल्बमचे नावच ‘मर्मर’, म्हणजे पुटपुट, आणि त्यातले शब्द इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही नीट ओळखू येत नसत. अशा माणसाने नऊ वर्षांनंतर एकेक शब्द सुटा आणि स्वच्छ उच्चारून गावे, कोणतीही प्रतिमा वापरू नये, कोणताही श्लेष करू नये, हे सहज घडलेले नाही. ज्या मुलाला आजची रात्र काढणे अशक्य वाटते आहे, त्याला शब्दाचा अर्थ लावत बसायला लागू नये, एवढ्यासाठी एका कवीने आपले कवीपण बाजूला ठेवले. मला यात मोठे औदार्य दिसते.

गाण्याचे मूळ मात्र स्टाइपकडे नाही. त्या बँडमध्ये प्रत्येक गाण्याखाली चौघांचीही नावे घालण्याची पद्धत होती, त्यामुळे हे बाहेरच्यांना पटकन कळत नाही, पण या गाण्याचा बराचसा भाग ड्रमवादक बिल बेरीचा आहे. त्याने ते आणले तेव्हा ते जेमतेम मिनिटभराचे होते. त्याला ध्रुवपद नव्हते, मधला भाग नव्हता, कंट्री संगीताच्या चालीवर एकच कडवे गोल गोल फिरत होते. मग चौघांनी ते तीन-चार वेगवेगळ्या तऱ्हांनी वाजवून पाहिले आणि शेवटी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या जुन्या सोल गायकीकडे, गायक ओटिस रेडिंगच्या वळणाकडे ते गेले. कोणी काय वाजवायचे हे ठरायलाच फार वेळ लागला, आणि त्या खटाटोपात अशी एक गोष्ट झाली की ती कळल्यापासून मला हे गाणे अधिकच जवळचे वाटते. ज्याने गाणे आणले तो बिल बेरीच मूळ ध्वनिमुद्रणात वाजवत नाही. पाया घातला तो बक, बेसवादक माइक मिल्स आणि एका ताल देणाऱ्या यंत्राने, आणि बाकीचे सगळे नंतर वरून चढवले गेले. ते यंत्रही वीस डॉलरचे, अगदी स्वस्तातले होते. तू पुन्हा ऐकशील तेव्हा सुरुवातीचे ते टिकटिक ऐक. माणूस वाजवताना भावनेच्या भरात लय किंचित पुढेमागे करतो. हे यंत्र तसे काहीच करत नाही, ते शेजारी बसलेल्या अबोल माणसासारखे आपले चालू राहते.

लय सहा मात्रांची आहे. पाश्चात्त्य लेखनात ती सहा-आठ अशी लिहितात, पण तुझ्या तबल्याच्या हाताला ती लगेच दादऱ्यासारखी वाटेल, तीन आणि तीन. बक कॉर्डचे, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीचे, सूर एकदम न छेडता एकेक करून सोडतो. कडव्यात डी आणि जी हे दोनच कॉर्ड आलटून पालटून येतात. मी हे गेली कित्येक वर्षे घरी वाजवत आलो आहे, आणि अण्णा गेल्यानंतर प्रथमच माझ्या लक्षात आले की ही झोका देण्याची चाल आहे. आपल्याकडे पाळणे बहुधा अशाच तीन-तीनच्या झोक्यात म्हटले जातात. तुझी आई त्या दिवशी ओसरीवर बसून नकळत पुढेमागे हलत होती, ते तुला आठवते का? शरीराला दुःखात काय हवे असते ते शरीराला आधीच ठाऊक असते.

तंतुवाद्यांचा प्रवेश यानंतर होतो. त्यांची रचना ‘लेड झेपलिन’ या ब्रिटिश रॉक बँडच्या जॉन पॉल जोन्स याने केली. त्याच अल्बममधल्या चार गाण्यांसाठी त्याने अशी रचना केली होती. एवढा मोठा वादक आणि हाताशी वाद्यवृंद असूनही त्याने किती थोडे केले आहे ते पाहा. मधल्या भागात, जिथे ऐकणारा एकटा नाही असे सांगितले जाते, तिथे सूर एकदम वेगळ्या वळणावर जातात, तंतुवाद्ये उसळतात आणि पुन्हा त्याच दोन कॉर्डवर येऊन शांत होतात. संगीताचा एवढाच एक उमाळा आहे. बाकी सारा वेळ सगळ्यांनी हात आखडता घेतला आहे, आणि माझे मत असे की या गाण्याचा दिलासा त्या आवरण्यातच आहे.

आता शब्दांकडे येतो, कारण तुझा खरा सल तिथे आहे. मी गेल्या आठवड्यात त्या गाण्याचे मराठी करून पाहिले आणि पहिल्याच पायरीवर अडलो. गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी एक आज्ञा आहे, घट्ट धरून राहा अशा अर्थाची. ‘धीर धर’ म्हटले तर ते वडीलधाऱ्यांचे बोलणे होते. ‘तग धर’ म्हटले तर त्यात झगडा येतो. शेवटी ‘दम धर’ मला सर्वांत जवळचे वाटले, कारण त्यात श्वास आहे, आणि स्टाइप ते शब्द शेवटी गातो तेव्हा श्वासाचाच हिशेब चालू असावा असे वाटते. तरीही पूर्ण समाधान झाले नाही.

त्या विचारात असताना मला गंगेवरची, म्हणजे आमच्या गोदावरीवरची, ती सकाळ आठवली. तू रामकुंडावर पंचा नेसून बसला होतास आणि गुरुजी तुला सांगत होते: तीळ घ्या, पाणी सोडा, डावा गुडघा टेकवा, आता नमस्कार करा. मी मागे छत्री धरून उभा होतो. पंचवटीत राहत असल्यामुळे मी हे दृश्य जवळजवळ रोज पाहतो. दुरून दुरून लोक अस्थी घेऊन येतात, आणि ज्यांना काल घरी चहाचा कप उचलण्याचे भान नव्हते ते त्या छोट्या छोट्या आज्ञा मुकाट्याने पाळतात. मंत्रांचा अर्थ त्यांतल्या फार थोड्यांना कळत असेल. पण ‘पाणी सोडा’ हे सर्वांना कळते, आणि त्या क्षणी तेवढेच करता येण्याजोगे असते. मृत्यूविषयी कोणी काही समजावून सांगितले तर आपल्याला ते नकोसे होते; पुढच्या एका क्षणात काय करायचे हे कोणी सांगितले तर मात्र हायसे वाटते. ते गाणे असेच एका पुढच्या क्षणापुरते बोलते. मग त्याच रात्री गच्चीवर तेच तुझ्या आत पोहोचले, यात लाज वाटण्यासारखे काय आहे? उत्तम कविता तुझ्यापाशी पूर्वीही होत्या आणि पुढेही राहतील. त्या वाचायला जे बळ लागते ते त्या दिवशी तुझ्यात नव्हते.

आणखी एक गोष्ट मी तुला आजवर सांगितली नाही. अण्णा गेल्याचा तुझा फोन आला तेव्हा मी द्वारका चौकात वाहतुकीत अडकलो होतो. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या त्या चौकाची दशा तू जाणतोस. पाऊण तास गाडी हलली नाही, आणि मला जळगावला निघायचे होते. डावीकडे भाजीचा टेम्पो होता, उजवीकडे एक बाई मांडीवर डबा घेऊन समोर बघत बसली होती, मागे कोणीतरी सारखा हॉर्न वाजवत होता. त्या वेळी मला या गाण्याचा व्हिडिओ आठवला. आपण तो कॉलेजात असताना केबलवर एकदा एकत्र पाहिला होता आणि रडके गाणे म्हणून तू चॅनेल बदलला होतास. दिग्दर्शक जेक स्कॉट याने तो टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो येथील महामार्गावर चित्रित केला. वाहने तुंबलेली आहेत, कॅमेरा एकेका गाडीच्या काचेतून आत जातो आणि आतल्या माणसाच्या मनात जे चालले आहे ते खाली अक्षरांत उमटते. शेवटी सगळे आपापली वाहने तिथेच सोडून चालू लागतात. द्वारका चौकात मी त्या डबा घेतलेल्या बाईकडे पाहत होतो आणि तिच्या खाली कोणती अक्षरे उमटली असती असा विचार करत होतो. माझ्या खाली काय उमटले असते ते कोणालाच दिसत नव्हते. १९९४ साली एमटीव्हीची चार पारितोषिके त्या व्हिडिओला मिळाली, पण त्याची किंमत मला त्या पाऊण तासात कळली.

या गाण्याचे स्वागत कसे झाले हेही तू विचारले आहेस. ‘ऑटोमॅटिक फॉर द पीपल’ हा अल्बम १९९२ च्या ऑक्टोबरात आला आणि हे गाणे १९९३ च्या एप्रिलमध्ये स्वतंत्रपणे निघाले. लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ब्रिटनमध्ये ते सातव्या क्रमांकापर्यंत गेले, अमेरिकेत एकोणतिसाव्या. आकडे एवढेच आहेत, आणि त्या अल्बमसाठी बँडने दौराही काढला नाही, तरी गाणे थांबले नाही. निराशेत सापडलेल्यांचे फोन रात्रंदिवस घेणाऱ्या ‘समॅरिटन्स’ या ब्रिटिश संस्थेने १९९५ मध्ये तरुणांसाठीच्या आपल्या मोहिमेत या गाण्याचे शब्द वापरले. २०१० च्या जानेवारीत हैतीमध्ये भूकंप झाला तेव्हा अनेक गायकांनी मिळून मदतीसाठी ते पुन्हा गायले, बँडने आपले मानधन सोडले, आणि मूळ गाण्याला जे साधले नव्हते ते झाले: ब्रिटनमध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेले. हे गाणे भाबडे आहे, अति गोड आहे असे म्हणणारेही पुष्कळ आहेत, आणि ज्या त्या दुःखद प्रसंगाखाली ते वाजवून त्याची धार बोथट केली गेली हेही खरे आहे. मला त्यांच्याशी वाद घालावासा वाटत नाही. सुखात असताना ऐकले तर ते तसेच वाटते. आपल्यालाही विसाव्या वर्षी तसेच वाटले होते. बक याने म्हटले आहे की हे गाणे आता आमचे राहिलेले नाही, ज्यांना ज्यांना त्यातून दिलासा मिळाला त्यांचे ते झाले आहे.

बिल बेरीचे पुढे काय झाले ते सांगतो. १ मार्च १९९५ रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान येथे, कार्यक्रम चालू असताना मंचावरच त्याच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटून तो कोसळला. शस्त्रक्रिया झाली आणि तो वाचला. १९९७ मध्ये त्याने बँड सोडला आणि जॉर्जियात शेती करू लागला. गाणे लिहिले तेव्हा तो तिशीच्या उंबरठ्यापलीकडे नुकताच आलेला होता आणि हे सगळे त्याच्या वाट्याला यायचे होते. अनुभवाशिवाय असे लिहिता येत नाही असे आपण सहज म्हणून जातो, पण बेरीचा क्रम पाहिल्यावर मी ते म्हणणे सोडले आहे. शेतावर काम करताना त्याला आपले ते मिनिटभराचे गाणे कधी आठवत असेल का, हे मला फार जाणून घ्यावेसे वाटते.

इकडे परवापासून धरणातून पाणी सोडले आहे आणि दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत गंगा आली आहे. रामकुंडाच्या पायऱ्या दिसत नाहीत, गुरुजींनी विधी वरच्या बाजूला हलवले आहेत. काल संध्याकाळी तिथे तुझ्याएवढाच एक माणूस ओल्या पंचात एकटा उभा होता. मी त्याला ओळखत नव्हतो, तरी थोडा वेळ त्याच्या शेजारी उभा राहिलो.

पोळ्यानंतरच्या शनिवारी मी पुण्याला येतो. गिटार घेऊन येईन. तुझा तबला अण्णा गेल्यापासून कपाटावर गुंडाळून ठेवला आहे असे वहिनींकडून कळले. तो उतरवून ठेव, वादी सैल झाली असेल तर तेवढी ओढून घे. दोन कॉर्ड मी वाजवीन आणि दादरा तू धर. शब्द गायचे की नाही ते त्या वेळी पाहू. आईंना माझा नमस्कार सांग, आणि त्यांची झोप कशी आहे ते मला अवश्य कळव.

तुझा स्नेहांकित मित्र