नांग्या भरायच्या, पण कोणत्या कलमांनी?

संपादक साहेब, नमस्कार.

पाऊस लागला की आमच्या वरूड-मोर्शी भागात संत्र्याच्या कलमांच्या गाड्या फिरायला लागतात आणि जो तो नांग्या, म्हणजे मेलेल्या झाडांच्या रिकाम्या जागा, भरायच्या मागे लागतो. आम्ही पण भरल्या. बाबांनी लावलेली चाळीसेक झाडं डिंक्यानं गेली होती, बुडाशी साल तडकून डिंक गळायचा, बोटाला चिकटायचा, मग पानं पिवळी पडून झाड वाळत जायचं. ती काढली अन् त्याच खड्ड्यात नवीन कलमं लावली. तिसऱ्या वर्षी निम्म्यांना परत डिंक!

उकरून पाहिलं तर कलमाचा जोड, म्हणजे खालच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात ती जागा, मातीत. डोळा जमिनीपासून 9 इंच तरी वर भरलेला पाहिजे, आमच्या कलमांचा जेमतेम चार बोटं वर होता आणि त्यावर आम्हीच मातीचा भर दिला, म्हणजे चूक आमची पण आहेच. खुंट, म्हणजे ज्याच्या मुळांवर संत्रं वाढतं ते खालचं लिंबाचं रोप, रंगपूर जातीचा म्हणून विकला होता, पण खालून फूट आली तेव्हा एका जुन्या माळ्यानं पान चुरगाळून वास घेतला आणि सरळ म्हणाला, ही तर जंबेरी. जंबेरी या रोगाला लवकर बळी पडते.

फायटोफ्थोरा, म्हणजे डिंक्या आणणारा बुरशीसारखा जीव, झाड काढलं म्हणून जात नाही, मातीत राहतो, पाण्यासोबत पसरतो आणि नर्सरीची माती खराब असेल तर पिशवीतूनच आपल्या वावरात येतो. बोर्डो पेस्ट आम्ही खोडाला लावतो, 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी, पावसाळ्याआधी एकदा नंतर एकदा, खोडाला पाणी लागू नये म्हणून डबल रिंग, म्हणजे खोडाभोवती दोन गोल बांध घालून पाणी त्यांच्या मधेच द्यायचं, ती पण केली, पण रोपच रोगट आलं तर पेस्ट लावून किती लावणार? नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत रोगमुक्त कलमं तयार होतात, पण तालुक्याच्या तालुक्याला ती कुठून पुरणार, मग माणूस जवळच्या नर्सरीतच जातो.

तेव्हा कृषी खात्यानं निदान एवढं करावं की नर्सरीच्या बिलावर खुंट कोणता ते लिहिणं सक्तीचं करावं आणि गाड्या सुटायच्या आधी माती तपासावी. आणि तुम्हाला पण एक विनंती, लागवडीचे फोटो छापता तसे तीन वर्षांनी त्याच बागेत परत या.

आमचे बावीस खड्डे यंदा रिकामेच ठेवलेत.

- एक संत्रा उत्पादक, वरूड तालुका