आरशाचं खरं काय झालं ते

बाळा,

फोनवर बोलायला गेलं की तुझं "पप्पा मीटिंग आहे, दोन मिनिटांत करतो" होतंय आणि ती दोन मिनिटं काय संपत नाहीत, म्हणून हे लिहून पाठवतोय. लांबलचक आहे. त्या तुमच्या लुआस ट्राममधे बसलास की वाच.

पहिलं म्हणजे कबुली. तू अमेरिकेहून डब्लिनला परत आलास आणि तुझ्या गाडीचा डावा आरसा काळ्या टेपनं चिकटवलेला बघून विचारलंस, तेव्हा मी म्हणालो पार्किंगमधे कुणीतरी घासून गेलं. खोटं बोललो. एकतीस वर्षं एसटी चालवली, विनाअपघात सेवेचा बिल्ला अजून कपाटात आहे, आणि पोराच्या गाडीचा आरसा मी स्वतः दगडी बांधाला लावला हे तोंडातून निघंना. पण ते सगळं सांगायचं तर आधीचंही सांगावं लागतंय, कारण तू चार वर्षं डब्लिनला राहून ऑफिस, घर, एअरपोर्ट एवढंच बघितलंयस आणि आम्ही दोघं म्हातारी आठ दिवसांत अर्धा आयर्लंड फिरून आलो.

गाडी डाव्या बाजूनं, म्हणजे आपल्यासारखीच, त्यामुळं तुझी आई घाबरली होती तसं काय झालं नाही. मोटरवेवर १२० ची परवानगी आहे पण मी ९० च्या वर गेलो नाही, सवयच नाही. तिथं मजा एकच, पुढच्या गाड्यांचे नंबर वाचायचे. आपलं कसं एमएच ०९ म्हटलं की कोल्हापूर, तसं त्यांचं आधी वर्ष मग जिल्हा, केके म्हणजे किलकेनी, सी म्हणजे कॉर्क, केवाय म्हणजे केरी. २०१३ साली १३ आकडा अपशकुनी म्हणून लोक नवी गाडी घ्यायचे नाहीत अशी भीती होती, मग वर्षाचे दोन भाग करून १३१ आणि १३२ केलं आणि तेच पुढं चालू राहिलं. म्हणजे लिंबू-मिरची फक्त आपणच बांधतो असं काय नाही.

किलकेनीला किल्ला बघितला, नदीकाठचा आहे, चांगला आहे, फोटो आईनं पाठवलेतच. मला खरी गंमत वाटली ती संध्याकाळी. रात्री दहापर्यंत उजेड, जेवण होऊन गेलं तरी ऊन, म्हणून गावाबाहेर चालायला गेलो तर मैदानावर पोरं हर्लिंग खेळत होती. हातात ॲश लाकडाची चपटी काठी, लहानसा चामड्याचा चेंडू, त्याला ते स्लिटर म्हणतात, तो हवेतल्या हवेत असा हाणतात की बघताना आपलं डोकं आपोआप खाली जातंय. शेजारी एक आजोबा उभे होते त्यांनी समजावलं, दांडीवरनं गेला तर एक गुण, जाळ्यात गेला तर तीन. हे सगळं चालवणारी संघटना १८८४ साली थर्ल्स नावाच्या गावात एका हॉटेलात स्थापन झाली, आणि अजूनही खेळाडूंना पगार नाही. डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर ऐंशी हजार लोकांपुढं फायनल खेळायची आणि सोमवारी शाळेत शिकवायला किंवा गाईंची धार काढायला जायचं. प्रत्येक गावाचा आपला क्लब, आणि शेजारच्या गावाला हरवलं की वर्षभर मिरवायचं. मला लगेच आपली शाहू स्टेडियमवरची पाटाकडील विरुद्ध दिलबहार मॅच आठवली. आजोबांना सांगितलं आमच्याकडं पेठेपेठेत तालीम आणि तालमीचा फुटबॉल संघ, तर ते म्हणाले मग तुम्हाला काय समजावायची गरजच नाही.

तिथून खाली कॉर्ककडं. मिडलटन म्हणून गाव आहे, तिथल्या बागेत स्टीलची नऊ मोठी पिसं गोलाकार उभी केलीत, वीस-वीस फुटांची. मी म्हटलं हे काय शोभेचं. तिथल्या पाटीवर वाचलं आणि मग बसूनच राहिलो. १८४५ पासून बटाट्याचं पीक कुजलं आणि त्या दुष्काळात इथली दहा लाख माणसं मेली. १८४७ साली अमेरिकेतल्या चॉक्टॉ या आदिवासी लोकांनी १७० डॉलर गोळा करून पाठवले, आणि त्यांना स्वतःला त्यांच्या जमिनीवरून हाकलून अजून वीस वर्षंही झाली नव्हती. ती आठवण म्हणून ही पिसं. आई बराच वेळ काय बोलली नाही, मग म्हणाली ज्याच्या पोटात भूक असते त्यालाच कळतंय.

आणि पुढं कोव्ह. लिहितात सी-ओ-बी-एच, वाचायचं कोव्ह. तुझं ऐकून मी आधीच घोकून ठेवलेलं. टायटॅनिक शेवटची थांबली ती इथं, ११ एप्रिल १९१२ ला, तेव्हा गावाचं नाव क्वीन्सटाऊन. सगळे पर्यटक टायटॅनिकच्याच मागं. पण धक्क्यावर एक पुतळा आहे, ॲनी मूर नावाची मुलगी आणि तिचे दोन लहान भाऊ. १ जानेवारी १८९२ ला न्यूयॉर्कचं एलिस आयलंड, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांना तपासून आत घ्यायचं ठिकाण, उघडलं तेव्हा आत गेलेली पहिली माणूस ही. त्या काळात पोरगं अमेरिकेला निघालं की घरात आदल्या रात्री जागरण करायचे, मेलेल्या माणसासाठी करतात तसं, गाणी, नाच, रडणं, कारण परत येणार नाही हे दोन्हीकडं माहीत असायचं. तुझी आई त्या पुतळ्याजवळ उभी राहिली आणि मी फोटो काढायला लागलो तर म्हणाली नको. मुंबईच्या एअरपोर्टवर तुला सोडून आलो त्या रात्री गाडीत ती खोपोलीपर्यंत एक शब्द बोलली नव्हती, ते तुला कधी सांगितलं नाही. असो.

आता केरी. डिंगल गावात एक दुकान आहे, फॉक्सी जॉन्स, डावीकडं बघितलं तर खिळे, हातोड्या, कुलपं, आणि उजवीकडं बिअरचा बार. एकच दार. माणूस स्क्रू घ्यायला म्हणून घरातून निघाला की तासभर परत येणार नाही. या गावाच्या नावावरून मोठं भांडण झालेलं. तो भाग आयरिश बोलणाऱ्यांचा, त्यामुळं २००५ साली सरकारनं पाटीवरनं डिंगल काढून फक्त आयरिश नाव ठेवलं, अन डॅंगन. गावकरी भडकले, म्हणाले पर्यटक नकाशात डिंगल शोधतात आणि पाटीवर भलतंच, आमचं पोट बुडणार. पुढच्या वर्षी गावानं मतदान घेतलं, नव्वद टक्क्यांहून जास्त लोक दोन्ही नावं पाहिजेत म्हणाले. पाटीवरनं भांडण म्हटल्यावर मला तर घरी आल्यासारखं वाटलं.

भाषेचं अजून एक. रस्त्याला आयरिशमधे बोहर म्हणतात आणि त्यात बो म्हणजे गाय. गाईची वाट तो रस्ता. आपल्या संस्कृतातला गो आणि त्यांचा बो एकाच मुळातले आहेत म्हणे. आणि लहान रस्ता तो बोरीन. बोरीन म्हणजे काय सांगू, आपली पांदण. दोन्हीकडनं झाडोरा, मधे एका गाडीपुरती जागा, कुठंकुठं डांबराच्या मधोमध गवताची शेंडी उगवलेली. यावर वेगमर्यादा ८० होती, २०२५ च्या फेब्रुवारीत ६० केली. मी म्हणतो चाळीसला जो जाईल त्याला नमस्कार.

तर याच पांदणीत झालं ते. लिस्टोवेलच्या पुढं टार्बर्टला फेरीबोट पकडायची होती, चांगला मोठा रस्ता सोडून गुगलबाईनं मला डावीकडं वळवलं. भुरभुर पाऊस. तिथले लोक त्याला 'सॉफ्ट डे' म्हणतात, आपण गगनबावड्याची माणसं, आपल्याला तो पाऊसच नव्हे. वळणावर समोरनं ट्रॅक्टर आला, मागं सायलेजची, म्हणजे मुरघासाची ट्रॉली, करूळ घाटात उसाची ट्रॉली आली असती तरी एवढी जागा खाल्ली नसती. चालवणारा पोरगा सतरा वर्षांचा असेल, ट्रॅक्टरचं लायसन्स तिथं सोळाव्या वर्षी मिळतंय. मी सवयीनं गाडी डावीकडं दाबली, कडेला लाल फुलांची गच्च झुडपं होती, म्हटलं झुडूपच आहे, पानं घासतील. पण त्या फुलांच्या आत दगडी बांध असतो बाळा. खाडकन आवाज, आणि आरसा वायरवर लोंबकळायला लागला. आईनं माझ्याकडं बघितलं. बिल्ल्याबद्दल एक शब्द बोलली नाही, पण बघितलं.

पोरगं उतरलं, सॉरी सॉरी म्हणत, चूक माझी आणि सॉरी तो म्हणतोय. मागनं त्याचे वडील आले, गमबूट, टोपी, आरसा हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि म्हणाले "ग्रँड". म्हणजे काय होतंय त्याला. तिथं सगळंच ग्रँड असतंय, तब्येत ग्रँड, पाऊस ग्रँड, तुटलेला आरसा पण ग्रँड. खिशातनं निळी प्लास्टिकची दोरी काढली, गवताच्या गठ्ठ्यांना बांधतात ती, आणि आरसा असा आवळून बांधला की आमच्या डेपोतल्या मेकॅनिकनं पाठ थोपटली असती. मग सोडायला तयार नाहीत, चहा घ्याच. घरी गेलो. चहा कडक, दूध वरनं, आणि ब्राऊन ब्रेड. यीस्ट नाही बघ त्यात, ताक आणि सोडा घालून फुगवतात, वर सुरीनं चौकडीची चीर. आईनं काकूंकडनं कृती विचारून घेतली, हातवारे करत, दोघींना एकमेकींचं अर्धं कळत नव्हतं तरी झालं.

काकांनी विचारलं भारतात कुठले. महाराष्ट्र म्हटल्यावर म्हणाले लिओचे वडील पण तिकडचेच की. मी म्हटलं मालवण तालुक्यातलं वराड, मी कोल्हापूर-मालवण गाडी किती वर्षं नेलीय, माहितीतलं गाव. त्यांचा पंतप्रधान झालेल्या वराडकरांच्या मूळ गावाच्या रस्त्याला गाडी नेणारा ड्रायव्हर आपल्या स्वयंपाकघरात चहा पितोय हे त्या काकांनी लगेच शेजाऱ्याला फोन करून सांगितलं. वराडकरांचं राजकारण त्यांना पटत नव्हतं, तेही सांगितलं, अगदी मोकळेपणानं. पण चहा दोनदा भरला.

निळी दोरी बांधलेली गाडी घेऊन फेरीत चढलो. वीस मिनिटांत शॅनन नदी पार, दाभोळ-धोपाव्याच्या फेरीसारखंच, गाड्या सरळ आत घालायच्या. पलीकडं क्लेअर जिल्हा. मोहरचे कडे बघितले, २१४ मीटर, धुक्यात दहा मीटर दिसले, पुढं बोलत नाही.

पण तिथल्याच एनिस गावातली रात्र. पबमधे जायचं म्हटल्यावर आई नको म्हणत होती, साडी नेसून कुठं दारूच्या दुकानात. गेलो तर आजीबाया, लहान पोरं, सगळे. मी चहा मागितला, गाडी चालवायची होती, कुणी भुवई उचलली नाही. कोपऱ्यात एका टेबलाभोवती सातआठ जण वाजवत बसलेले, स्टेज नाही, माईक नाही, लोकांकडं पाठ. फिडल म्हणजे व्हायोलिन, बासरी, हातात मावणारी लहानशी पेटी, तिला कॉन्सर्टिना म्हणतात. आणि एक बकऱ्याच्या चामड्याचं गोल वाद्य, बाऊरान, लाकडी कड्यावर ताणलेलं, छोट्या दांडक्यानं वाजवायचं. अरे ती हलगीच! जरा खोल आवाजाची. नवा माणूस दारातनं आला की खुर्ची सरकवून जागा, हा आपला पेटीतनं बासरी काढून चालू, आपल्या देवळातलं भजन कसं असतंय तसंच. मधेच एक म्हातारा डोळे मिटून गायला लागला, साथ नाही काय नाही, आयरिशमधे, आणि सगळा पब गप्प, ग्लास ठेवायचा आवाज नाही. शेजारच्यानं त्याचा हात धरून ठेवलेला. शब्द एक कळला नाही, पण आईनं पदर डोळ्याला लावला.

आणि एक राहिलं. त्या पांदणीतनं जाताना समोरनं येणारा प्रत्येक जण स्टिअरिंगवरनं एक बोट उचलतो. ओळख नाही पाळख नाही. आम्ही एसटीवाले समोरनं गाडी आली की हात करायचो तसंच. दुसऱ्या दिवसापासनं मी पण करायला लागलो. आणि डब्लिनला तुझ्याबरोबर बसनं गेलो तेव्हा बघितलं, उतरताना माणूस न माणूस ड्रायव्हरला थँक्यू म्हणतोय. एकतीस वर्षांत मला किती जण म्हणाले असतील, मोजून दहा? तू म्हणालास का त्या दिवशी? मी बघत होतो, कानात ते वायरलेस घालून तसाच उतरलास. म्हणत जा.

डब्लिनच्या अलीकडं पेट्रोल पंपावर थांबून मी ती दोरी कापली आणि टेप मारला, तुला कळू नये म्हणून. दोरी टाकवली नाही, बॅगेत घालून आणली. आता इथं परड्यात आईनं तिनं दोडक्याचा वेल बांधलाय, चांगला चढतोय. आरशाचे किती झाले ते सांग, पैसे पाठवतो, नको म्हणू नकोस.

तुझा,
पप्पा

ता.क. हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणतीय आरशाचं तिनं तुला आल्या दिवशीच सांगितलं होतं. मग तू इतके दिवस गप्प का रे बसलास?