‘त्यांच्यात बायको कोण?’

प्रिय मित्रा,

रविवारी रात्री तुझा फोन आला तेव्हा ‘दमलेय, नंतर बोलू’ म्हणून मी ठेवून दिला. ते खरं नव्हतं. मी संतापले होते, आणि त्या संतापात तुला सांगायला अवघड जाईल अशी एक गोष्ट होती. बोलताना मी ती गाळली असती, म्हणून लिहिते आहे.

त्या दिवशी एका वाढदिवसाला गेले होते. माझा सात वर्षांचा भाचा पळताना पडला. गुडघा चांगलाच सोलवटला, रक्त आलं, तो रडायला लागला. त्याला कुणी उचलायच्या आत एक काका ओरडले, "मुलीसारखा काय रडतोस!" त्याची नऊ वर्षांची बहीण शेजारीच उभी होती. तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. माझं गेलं. तिला काहीच वाटलेलं दिसलं नाही, आणि मला त्याचंच जास्त लागलं. मुलीसारखं म्हणजे कमी प्रतीचं, हे नवव्या वर्षीच तिच्या अंगवळणी पडलंय. भाच्याने डोळे पुसले. पुढे जखम धुताना त्याने हूं की चूं केलं नाही. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली.

मुलं झोपल्यावर मोठ्यांच्या गप्पा रंगल्या. कुणाच्या तरी ऑफिसातला एक जण एका पुरुषाबरोबर राहतो, असा विषय निघाला. मग काय, मनगटं लचकवून दाखवणं, बारीक आवाज काढणं, ‘बायल्या’ हा शब्द. आणि त्यापाठोपाठ तो प्रश्न: "पण त्यांच्यात बायको कोण?" सगळे हसले. बायकाही हसल्या.

हाच प्रश्न तुम्हा दोघांनाही विचारला गेलाय, तूच सांगितलं होतंस. तू तो हसण्यावारी नेलास. माझ्या डोक्यातून तो जात नाही. विचारणाऱ्याच्या मनात घराचा एकच आराखडा असतो रे. एकाने हुकूम सोडायचा, दुसऱ्याने झेलायचा. एकाचा शब्द शेवटचा, दुसऱ्याची झोप शेवटची. दोन पुरुष एकत्र राहतात म्हणजे त्यातल्या एकाने ही खालची जागा घेतलीच असणार, असं त्यांनी धरून ठेवलेलं असतं. तुमच्याकडे कपडे तू धुतोस, कारण तू लवकर घरी येतोस. हिशोब तो बघतो, कारण त्याला ते आवडतं. इतकी साधी वाटणी त्यांच्या गळी उतरत नाही. ‘बायल्या’ म्हणताना तुझा गुन्हा काय असतो? पुरुष म्हणून जन्मून तू बाईच्या बाजूला गेलास, हा. म्हणजे ती शिवी तुला देतात आणि कमीपणा माझ्या पदरात घालतात.

आणि प्रेम दोन बायकांचं असेल तर त्यांना शिवीसुद्धा मिळत नाही, कारण त्यांचं प्रेम कुणी खरं मानतच नाही. ‘चांगला पुरुष भेटला नसेल.’ बस, विषय संपला.

मी बराच वेळ गप्प होते. मग एक जण, चांगला शिकलेला, म्हणाला की हा आजार आहे, वेळेवर उपचार व्हायला हवेत. तेव्हा मात्र मला राहवलं नाही. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 1973 मध्येच समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून वगळायचं ठरवलं आणि जागतिक आरोग्य संघटनेने 17 मे 1990 रोजी, हे मी सांगितलं. उपचारांचं काय होतं तेही सांगितलं. ब्रिटिश गणितज्ञ अॅलन ट्युरिंगने दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे सांकेतिक संदेश उलगडायला केवढा हातभार लावला होता! 1952 मध्ये त्याच्याच देशाने त्याला समलिंगी संबंधांबद्दल दोषी ठरवलं. तुरुंग टाळण्यासाठी त्याला हार्मोन्सचे उपचार पत्करावे लागले. 1954 मध्ये तो गेला, 41 वर्षांचा. माफी मिळाली 2013 मध्ये.

यावर ‘पण निसर्गाने बाई आणि पुरुष वेगळे केलेत’ हे आलंच. कुठल्या निसर्गाने? 1918 मध्ये अमेरिकेत लहान मुलांच्या कपड्यांच्या एका व्यापारी मासिकाने गुलाबी रंग मुलग्यांना सुचवला होता, ठसठशीत म्हणून, आणि निळा मुलींना, नाजूक म्हणून. ‘एनिॲक’ हा सुरुवातीचा मोठा संगणक 1946 मध्ये जगापुढे आला, तेव्हा त्याचं प्रोग्रॅमिंग सहा बायकांनी केलं होतं. तेव्हा ते काम कारकुनी समजत. त्याला मान आणि पैसा आला तसं ते ‘पुरुषी डोक्याचं’ झालं.

त्यांनी ऐकून घेतलं, आणि वहिनी म्हणाल्या, "अगं, गंमत चालली होती. एवढं काय लावून घेतेस? तुझ्या ओळखीत आहे का कुणी तसं?"

मी ‘नाही’ म्हणाले.

हेच ते, जे फोनवर सांगता आलं नाही. तुझं गुपित माझं नाही, ते कुणाला सांगायचं हे तू ठरवायचंस, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण नाव न घेता ‘हो’ म्हणता आलं असतं. ‘हो, आहे, आणि माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात जवळच्या माणसांपैकी आहे.’ मी ते म्हणाले नाही, कारण त्या क्षणी त्या हसणाऱ्या चेहऱ्यांची मला भीती वाटली. आता माझ्याबद्दलही बोलतील, अशी. अर्ध्या मिनिटाची भीती होती ती. तू सोळाव्या वर्षापासून ती घेऊन प्रत्येक घरात, प्रत्येक नोकरीत, प्रत्येक लग्नात वावरलास. तू मला पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा मी ‘त्यात काय एवढं’ म्हणाले होते. मोठ्या मनाने बोलले असं तेव्हा वाटलं होतं. आज कळतं की तू काय उचलून आणलं होतंस ते मी बघितलंच नव्हतं.

मला माफ कर.

एक विचारायचंय. पुढच्या महिन्यात हीच सगळी मंडळी पुन्हा भेटणार आहेत. विषय निघाला तर, तुझं नाव, गाव, काम काहीही न सांगता, मी ‘हो’ म्हणू का? आपली दोस्ती त्यांना माहीत आहे, कुणी तुझ्यापर्यंत अंदाज बांधेल. तुला नको असेल तर सरळ ‘नको’ लिही, कारण देऊ नकोस. आणि त्यालाही विचार, अंदाज त्याच्यापर्यंतही पोचेल.

भाच्याचा गुडघा बरा होतोय. काल त्याच्याजवळ बसले होते, बाकी कुणी नव्हतं. खपली ओढली गेली आणि तो रडला, चांगला मोठ्याने. मी त्याला रडू दिलं. बहीण पलीकडून ऐकत होती.

उत्तर लवकर लिही.

तुझीच,
मैत्रीण