मॅकवरचे टॅग लिनक्सवर आणून देणाऱ्या ताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार.

मोडी कागदांचे माझे स्कॅन मॅकवरून लिनक्सवर आले, त्यात विशेष काही नाही. फाइली काय, कुणीही कॉपी करून देतं. तुम्ही वाचवलंत ते त्यांच्यावरचं माझं काम. फाइंडरमध्ये, म्हणजे मॅकच्या फाइली दाखवणाऱ्या खिडकीत, लावलेले टॅग आणि शेरे: 'वाचून झालं', 'तारीख जुळत नाही', 'शंका'. फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने लिहावं तसं हे. चित्रात ते नसतंच. फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवणारी व्यवस्था, ते एक्सटेंडेड अ‍ॅट्रिब्यूट (फाइलीला जोडलेली जादा नोंद) म्हणून वेगळं सांभाळते, आणि कॉपी करताना सर्वात आधी गळतं तेही हेच.

एक्सफॅट नावाच्या फाइलसिस्टिमच्या पेनड्राइव्हवर प्रत्येक स्कॅनसोबत टिंब आणि अंडरस्कोरने सुरू होणारी एकेक चिमुकली फाइल आली होती. नवं मशीन घेतलं तिथला मुलगा म्हणाला, "मॅकचा कचरा आहे, उडवा." तुम्ही फोनवर जवळजवळ ओरडलात, "हात लावू नका!" एक्सफॅटवर मॅकला हे अ‍ॅट्रिब्यूट थेट ठेवता येत नाहीत, म्हणून तो ते त्या जोडफाइलींत भरतो. म्हणजे माझं सगळं वाचन त्या 'कचऱ्यात'च होतं!

त्यातली एक फाइल तुम्ही उघडून दाखवलीत ते अजून डोळ्यांसमोर आहे. 'शंका', मग नवी ओळ, मग नुसता 6. सहा म्हणजे लाल, पाच म्हणजे पिवळा. मॅक रंग असा आकड्यात लिहितो हे मला कोण सांगणार होतं? तुमच्या स्क्रिप्टने, त्या छोट्या प्रोग्रॅमने, ते टॅग वाचून लिनक्सच्या 'यूजर.एक्सडीजी.टॅग्ज' या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये घातले आणि डॉल्फिनमध्ये, म्हणजे लिनक्सवरच्या फाइंडरसारख्या खिडकीत, ते दिसू लागले. रंग मात्र गेले. फाइंडरचं ते लाल टिपकं मला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

खरी मेख शेऱ्यांची निघाली. टॅग सगळे उतरले, पण लांबलचक शेरे असलेल्या फाइली अडून बसल्या, त्याही फक्त मराठी शेऱ्यांच्या. माझ्या लिनक्स डिस्कच्या ईएक्सटी4 या फाइलसिस्टिमवर एका फाइलच्या सगळ्या अ‍ॅट्रिब्यूटना मिळून साधारण एका ब्लॉकची, म्हणजे 4 केबीची जागा. मॅकच्या त्या शेऱ्यात देवनागरीचं एक चिन्ह 2 बाइट घेतं, लिनक्सवर उतरवताना वापरलेल्या यूटीएफ-8 या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत तेच 3, काना-मात्रेचेही वेगळे. तेरा-साडेतेराशे चिन्हांत डबा भरला! इंग्रजीत लिहिणाऱ्याला ही भिंत फार उशिरा लागते. शेरे कापा असं न सांगता तुम्ही ती डिस्क एक्सएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिमची करून दिलीत, तिथे एकेका अ‍ॅट्रिब्यूटला 64 केबीपर्यंत मुभा. याबद्दल विशेष आभार.

बॅकअपची तुमची चिठ्ठी मॉनिटरला चिकटवली आहे: कॉपीच्या कमांडपैकी साधा सीपी नको, सीपी -ए, आरसिंकला कॅपिटल एक्स हवाच, गठ्ठा बांधणाऱ्या टारला --एक्सअ‍ॅटर्स. शिवाय गेटएफअ‍ॅटर या अ‍ॅट्रिब्यूट वाचणाऱ्या कमांडने सगळ्या नोंदी एका साध्या फाइलीत उतरवून ठेवते, कारण मेलने पाठवलेल्या स्कॅनबरोबर त्या जात नाहीत.

मोडी वाचणाऱ्या आमच्या दोघातिघांनी तुमची स्क्रिप्ट मागितली आहे. देऊ का? आणि दिली तर वर तुमचं नाव घालू की नको, तेवढं कळवा.

तुमची,
मोडीवाली